घरातलं सामान बुडालं किंवा चोरीला गेलं, तर आयकरात वजावट मिळते का?

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा आयकर रिटर्नची मुदत सहा दिवसांवर आली होती. तिथे तळमजल्यावर राहणारे माझ्या ओळखीचे एक काका त्या धावपळीतच वहीचं एक पान घेऊन माझ्याकडे आले. फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन लाकडी कपाटं, गाद्या, मुलाची स्कूटर, नातीची पुस्तकं. प्रत्येकापुढे किंमत, आणि खाली बेरीज दोन लाख चाळीस हजार. त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुठल्या रकान्यात घालायचं?"

असा रकानाच नाही, हे त्यांना सांगणं मला जड गेलं. तीस वर्षं न चुकता कर भरणाऱ्या माणसाला वाटतंच, की आपल्यावर वेळ आली तर सरकार थोडं तरी सोडेल. पण पुढच्या तासाभरात त्याच पानावरून आम्हाला पैसे परत मिळण्याच्या दोन वाटा सापडल्या. एक स्कूटरच्या विम्याची, दुसरी पंचनाम्याची. दोन्ही रिटर्नच्या बाहेरच्या होत्या. नोकरीला नुकते लागलेले, पुण्यात नव्यानं राहायला आलेले किंवा पहिल्यांदाच रिटर्न भरणारे लोक मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं क्रमानं लिहितो आहे.

आधी उत्तर

घरगुती वापराची वस्तू हरवली, चोरीला गेली, जळाली किंवा वाहून गेली, तर भारतात तिची किंमत करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. नवी करपद्धत घ्या किंवा जुनी, उत्तर तेच. पगारदाराला पगारातून काय वजा करता येतं ते १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १६ मध्ये दिलेलं आहे. त्यात प्रमाणित वजावट आहे, नव्या पद्धतीत ७५,००० रुपये आणि जुन्या पद्धतीत ५०,०००. जुन्या पद्धतीत व्यवसाय करही वजा होतो, आणि सरकारी नोकरांच्या करमणूक भत्त्याची एक जुनी तरतूद आहे. बस, यादी संपली. बचत, आरोग्य विमा यांच्यासाठीच्या ८०सी, ८०डी वगैरे कलमांमध्येही चोरी किंवा पूर कुठे येत नाही. कंपनीचा लॅपटॉप स्वारगेटला बसमध्ये राहिला आणि कंपनीनं त्याचे पैसे पगारातून कापले, तरी कर पूर्ण पगारावरच लागतो.

यामागचा विचार समजला तर पुढचं सोपं जातं. उत्पन्न मिळवण्यासाठी जे खर्ची पडतं ते कायदा वजा करू देतो. मिळालेलं उत्पन्न आपण घरात कसं वापरलं, त्यात तो पडत नाही. फ्रिज, सोफा, कपडे, स्वतः वापरायची गाडी यांना तो वैयक्तिक वापराच्या वस्तू मानतो आणि भांडवली मालमत्तेच्या, म्हणजे विकल्यावर नफ्यावर कर लागतो अशा मालमत्तेच्या, व्याख्येतूनच बाहेर ठेवतो (कलम २(१४)). म्हणून जुना सागवानी पलंग तुम्ही फायद्यात विकलात तर त्यावर कर नाही, आणि तोच पलंग पुरात गेला तर वजावटही नाही.

पानशेत धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ ला. आयकर कायदाही त्याच वर्षीचा, १ एप्रिल १९६२ पासून लागू झालेला. ज्या वर्षी निम्मं पुणं पाण्याखाली गेलं त्याच वर्षीच्या कायद्यात बुडालेल्या घरासाठी एक ओळ नसावी, याची मला खंत वाटते. १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आहे. कलमांचे क्रमांक बदलले, 'कर वर्ष' हा शब्द आला, पण घरगुती नुकसानीची वजावट त्यातही नाही. या लेखात मी जुनेच क्रमांक दिले आहेत, कारण सीएंच्या आणि लोकांच्या तोंडी अजून तेच बसलेले आहेत.

मग व्हॉट्सअॅपवर "चोरीचं नुकसान टॅक्समधून वजा करा" असं येतं ते कुठून? बहुतेक वेळा अमेरिकेतून. तिथे अशी वजावट खरंच होती. प्रत्येक घटनेमागे पहिले १०० डॉलर सोडायचे, मग उत्पन्नाच्या १० टक्क्यांवरचं नुकसान वजा करायचं, फॉर्म ४६८४ भरायचा. २०१७ च्या कायद्यानं २०१८ पासून तिथेही ती आवळली आणि घरगुती नुकसानासाठी ती राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या आपत्तीपुरतीच ठेवली. २०२६ पासून राज्यांनी जाहीर केलेल्या आपत्तीही त्यात धरल्या जातात. तुमचा भाचा न्यू जर्सीहून जे सांगतो ते त्याच्यापुरतं बरोबर असेल. कोथरूडमधल्या रिटर्नला ते लागू नाही.

पहिली पायरी: वस्तू कुठल्या खात्यातली, ते ठरवा

नुकसान झालेल्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: घर, हत्यार, माल.

घर म्हणजे तुमच्या आणि कुटुंबाच्या वापरातलं. हत्यार म्हणजे ज्याच्या जोरावर तुम्ही धंदा किंवा व्यवसाय करता: शिंप्याचं शिलाई मशीन, फ्रीलान्स डिझायनरचा लॅपटॉप, केटररची मोठी पातेली. माल म्हणजे विकण्यासाठी आणलेलं. एकाच घरात तिन्ही असू शकतं. पुरात गेलेल्या तळमजल्याच्या घरात पुढच्या खोलीत साड्यांचा घरगुती व्यवसाय असेल, तर त्या साड्या माल आहेत, शेजारचं कपाट घर आहे. हा फरक नुकसान झाल्यावर कागदावर निर्माण करता येत नाही. साड्यांची खरेदीची बिलं आणि विक्रीच्या नोंदी आधीपासून असल्या तरच तो माल.

दागिन्यांचं थोडं वेगळं आहे. ते अंगावर घालत असलात तरी कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ता आहेत. विकले तर नफ्यावर कर लागतो. म्हणून लोकांना वाटतं, की चोरीला गेले तर भांडवली तोटा दाखवता येईल. तसं होत नाही. भांडवली नफा किंवा तोटा मोजायला आधी 'हस्तांतरण' व्हावं लागतं, आणि चोरानं डबा उचलून नेला हे तुम्ही केलेलं हस्तांतरण नव्हे.

दुसरी पायरी: पहिल्या दोन दिवसांत कागद गोळा करा

इथे हयगय केली की पुढे काहीच हाती लागत नाही. कर वाचणार नाही हे एकदा कळलं की लोक कागदपत्रांचाच नाद सोडतात. तसं करू नका. विमा, सरकारी मदत, बँकेकडची दाद, सगळं याच कागदांवर उभं असतं.

चोरी असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर नोंदवा. चौकीत दिलेला तक्रारअर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. ठाणे अंमलदाराकडून त्याची प्रत मागून घ्या. फिर्यादीला ती मोफत मिळायला हवी, कायद्यातच तसं आहे. वस्तू गहाळ झाली असेल, म्हणजे कुठे पडली ते माहीत नसेल, तर हरवल्याची नोंद वेगळी होते. तिच्यावर डुप्लिकेट सिमकार्ड किंवा कागदपत्रं मिळतात, पण चोरीच्या विम्यासाठी ती पुरत नाही. म्हणून चोरी झाली असेल तर "हरवलं" असं लिहून देऊ नका. घाई असते, समोरचा माणूस तसं सुचवतो, आणि आपण सही करून मोकळे होतो. माझ्या घरातल्या एका मोबाइलच्या बाबतीत मीच ही चूक केली आहे आणि तो दावा गेला.

तपास लागला नाही तर पोलीस न्यायालयात अहवाल देतात. आपल्याकडे त्याला 'ए समरी' म्हणतात: गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. गाडीच्या चोरीत विमा कंपनी हा कागद मागतेच, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी ठाण्यात जाऊन त्याची चौकशी करा.

पूर किंवा आग असेल तर आवरायच्या आधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची खूण, फ्रिजच्या मागच्या पट्टीवरचा क्रमांक, गाडीची नंबरप्लेट. चिखलातलं घर तसंच ठेवून फोटो काढत बसणं जिवावर येतं, पण अर्धा तास काढा. पंचनाम्याला महसूल विभागाची किंवा महापालिकेची माणसं येतात, तेव्हा घरात कुणीतरी थांबा आणि आपलं नाव, पत्ता, वस्तू नीट लिहिल्या आहेत का ते वाचून मगच सही करा. भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार हाताशी ठेवा. सामान तुमचं आहे, घरमालकाचं नव्हे, हे पंचनाम्यात यायला हवं.

पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. आयकरात मात्र याही पैशांना वजावट नाही.

तिसरी पायरी: विमा कुठे कुठे आहे ते शोधा

स्कूटर किंवा कारची पॉलिसी काढून पाहा. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानापुरती, असेल तर चोरीला आणि पुराला काही मिळत नाही. सर्वसमावेशक असेल तर दोन्हींना मिळतं, पॉलिसीवर लिहिलेल्या आयडीव्हीपर्यंत, म्हणजे कंपनीनं धरलेल्या गाडीच्या किमतीपर्यंत. पाण्यात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारून पाहू नका. पाणी इंजिनात ओढलं जातं, आणि मग कंपनी म्हणते, नुकसान पुरानं नव्हे, तुम्ही गाडी चालू केल्यामुळे झालं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, तेव्हाही पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी किल्लीच फिरवली. गाडी ढकलून किंवा टो करूनच हलवा.

घराचा विमा आपल्याकडे फारच थोडे लोक काढतात. गृहकर्ज घेताना बँकेनं एखादी पॉलिसी जोडलेली असते आणि ती घेतल्याचं विसरायला होतं. कर्जाच्या फाइलमध्ये ती शोधा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, पूर, भूकंप येतात. इमारत आणि सामान दोन्ही घेतलं तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत घरातलं सामान आपोआप धरलं जातं. भाडेकरूला फक्त सामानाचाही विमा काढता येतो. पण एरवीची घरफोडी तिच्यात येत नाही. अशा आपत्तीनंतर सात दिवसांत, त्या आपत्तीमुळे झालेली चोरीच तेवढी येते. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, दागिन्यांचाही.

लॉकरमधलं गेलं असेल, तर आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची फसवणूक एवढ्या कारणांसाठी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतकीच आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. भूकंप किंवा पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तेवढंही नाही.

चौथी पायरी: आलेल्या पैशावर कर लागतो का, ते पाहा

वजावट नाही हे कळल्यावर पुढची भीती हीच असते, की निदान मिळालेल्या मदतीवर तरी कर लागू नये.

केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा महापालिकेनं आपत्तीची भरपाई म्हणून दिलेली रक्कम कलम १०(१०बीसी) खाली करमुक्त आहे. त्याच नुकसानीची वजावट तुम्ही घेतली असेल तर तेवढ्यापुरती सूट मिळत नाही, पण घरगुती सामानाला वजावटच नसल्यानं तो प्रश्न येत नाही. ही रक्कम रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवा.

फ्रिज, फर्निचर, घरगुती गाडी यांच्या विम्याचे पैसे हे नुकसानीची भरपाई असतात, उत्पन्न नव्हे. मालमत्ता भांडवली असेल, म्हणजे इमारत, दुकानाचा गाळा, दागिने, तर कलम ४५(१ए) वाचावं लागतं. आगीत नष्ट झालेल्या यंत्रांच्या विम्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये वानिया सिल्क मिल्सच्या खटल्यात दिला होता. त्यानंतर संसदेनं हे पोटकलम आणलं. पूर, भूकंप, वादळ, दंगल, अपघाती आग किंवा स्फोट, शत्रूची कारवाई यांत भांडवली मालमत्ता नष्ट झाली आणि विम्याचे पैसे आले, तर खरेदी किमतीपेक्षा जास्त आलेल्या रकमेवर पैसे मिळाले त्या वर्षी कर लागतो. चोरी या यादीत नाही.

मित्रांनी वर्गणी काढून पैसे दिले तर थोडं थांबून बेरीज करा. नातेवाइकांकडून आलेल्या पैशावर कर नाही, मात्र नातेवाईक म्हणजे कायद्यानं ठरवलेले जवळचे. बाकीच्यांकडून एका आर्थिक वर्षात आलेली एकूण रक्कम ५०,००० च्या पुढे गेली की वरचीच नव्हे, सगळीच रक्कम करपात्र होते. बुडालेल्या कुटुंबासाठी सोसायटीच्या ग्रुपवर एकाच खात्यात लाख-दीड लाख गोळा होतात, तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. घरात प्रौढ माणसं तीन असतील आणि नुकसान तिघांचंही असेल, तर मदत तिघांच्या खात्यांत थेट येऊ द्या. मालकानं, म्हणजे कंपनीनं दिलेली रोख मदत बहुधा पगारातच धरली जाते. फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या पगार आणि कराच्या दाखल्यात, ती कुठे आहे ते बघा.

पाचवी पायरी: नुकसान धंद्याचं असेल तर

इथे कायदा ऐकून घेतो. विक्रीचा माल जळाला, भिजला, चोरीला गेला तर तो धंद्याचा तोटा आहे. रोख रकमेचंही तसंच. मुनीम-एजंटनं केलेला अपहार हा धंद्यातलाच धोका असल्यानं तो तोटा वजा होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्ये बद्रीदास डागा खटल्यात सांगितलं. नैनिताल बँकेच्या शाखेवर दरोडा पडून गेलेली रोकडही पुढे तशीच मान्य झाली. अपहार ज्या वर्षी उघडकीला आला त्या वर्षी वजावट मिळते, मग तो आधीच्या वर्षांत झालेला असला तरी. नंतर पैसे परत मिळाले तर ते त्या वर्षीचं उत्पन्न.

मार्च २०२१ मध्ये कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला आग लागली. समजा, अशा आगीत एका दुकानदाराचा पाच लाखांचा माल गेला. पाच लाख म्हणजे खरेदीची किंमत. विकून आठ लाख आले असते, हा हिशेब इथे चालत नाही. विम्याचे तीन लाख मिळाले, होरपळलेला माल ४०,००० ला गेला, तर तोटा एक लाख साठ हजारांचा. नवशिक्यांची चूक पुढे होते. वर्षअखेरच्या शिल्लक मालात जळालेला माल धरलेला नसेल, तर तो तोटा नफ्यातून आपोआप कमी झालेलाच असतो. तो पुन्हा वेगळा खर्च म्हणून टाकला तर दोनदा वजा होतो. एकतर शिल्लक मालातून जाऊ द्या, नाहीतर वेगळ्या तोटा खात्यात दाखवा.

जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक फटका आहे. चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली सवलत, परत करावं लागतं. त्या महिन्याच्या जीएसटी रिटर्नमध्येच ते उलटवा, नाहीतर व्याज चढत राहतं.

हत्यारांचं, म्हणजे यंत्रं, लॅपटॉप, फर्निचर यांचं नुकसान एकदम वजा होत नाही. ती घसाऱ्याच्या गटात असतात, म्हणजे त्यांची किंमत दरवर्षी थोडी थोडी वजा होते. विम्याचे किंवा भंगाराचे जे पैसे आले ते गटाच्या किमतीतून वजा करायचे, आणि गटात दुसरी वस्तू शिल्लक असेल तर उरलेल्या किमतीवर घसारा मिळत राहतो. संगणकाला तो ४० टक्के आहे, म्हणजे तसा लवकर फिटतो. गोठा चालवणाऱ्यांसाठी वेगळी आणि फारशी कुणाला माहीत नसलेली तरतूद आहे. धंद्यासाठी पाळलेली म्हैस दगावली किंवा कायमची निकामी झाली, तर खरेदी किमतीतून हाती आलेले पैसे वजा करून उरलेली रक्कम थेट वजावट म्हणून मिळते (कलम ३६(१)(सहा)).

हे सगळं पुस्तकं ठेवणाऱ्यांसाठी. तुम्ही ४४एडी या छोट्या धंद्यांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या योजनेखाली उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून मोकळे होत असाल, तर सगळे खर्च आणि तोटे त्यात आधीच धरले गेले असं मानतात. वेगळा तोटा घ्यायचा तर त्या योजनेतून बाहेर पडावं लागतं. मग उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर ऑडिट, आणि पाच वर्षं परत येता येत नाही. नुकसान मोठं असल्याशिवाय हा मार्ग धरू नका, आणि धरायचाच तर आधी सीएकडे बसून आकडे मांडा.

भाड्यानं दिलेल्या फ्लॅटमध्ये पाणी शिरलं तर दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च वजा होत नाही. भाड्यातून मिळणारी सरसकट ३० टक्के वजावट हीच दुरुस्तीची.

सहावी पायरी: रिटर्न भरताना

तोटा धंद्याचा असेल तर रिटर्न मुदतीतच भरा. उशीर झाला तर तो पुढे नेता येत नाही, एरवी आठ वर्षं नेता येतो. नोकरी सांभाळून जोडधंदा करत असाल, तर धंद्याचा तोटा पगारातून वजा होत नाही हेही लक्षात असू द्या.

आणि वर्ष तपासा. काकांचं नुकसान जुलै २०२४ मधलं, आणि ते भरत होते ते रिटर्न मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षाचं. वजावट असती तरी त्या रिटर्नमध्ये ती बसली नसती.

"रिफंड काढून देतो, त्यातले दहा टक्के माझे" असं म्हणणारी माणसं आयटी कंपन्यांच्या आसपास दर जुलैत भेटतात. ती पुराचं नुकसान ८०सी किंवा देणगीच्या रकान्यात दडपून टाकतात. आयडी, पासवर्ड तुमचा, नोटीसही तुमच्याच नावानं येते. चुकीची माहिती देऊन कर कमी दाखवला तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट, म्हणजे २०० टक्के दंड आहे (कलम २७०ए), वर कर आणि व्याज वेगळं. कुणी असं भरून ठेवलं असेल तर नोटिशीची वाट पाहू नका. मुदत आहे तोवर सुधारित रिटर्न भरा, ती गेली असेल तर अद्ययावत रिटर्न भरून फरकाचा कर भरा.

सातवी पायरी: पुढच्या जूनच्या आधी

मोबाइल हातात घेऊन घरातून एक फेरी मारा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, महागड्या वस्तूंचे क्रमांक, दागिन्यांची बिलं आणि फोटो. हे सगळं स्वतःला ईमेल करा, कारण फोनही त्याच पाण्यात जाऊ शकतो. नदीकाठी किंवा ओढ्याजवळ तळमजल्यावर राहत असाल तर सामानाचा विमा विचारून घ्या. इमारतीची रक्कम ठरवताना फ्लॅटचा बाजारभाव सांगू नका, पुन्हा बांधायचा खर्च सांगा. पुण्यात या दोन आकड्यांत फार अंतर आहे आणि हप्ता त्यावरच ठरतो. त्या हप्त्यावर ८०सीची वजावट मिळत नाही. काकांनी ऑगस्टमध्ये मला पहिला फोन केला तो हेच विचारायला, आणि "नाही" म्हटल्यावरही त्यांनी पॉलिसी काढली.